अमाईनवाल्या मॅडम

नमुन्याची बाटली हातात आली की मॅडम आधी खिडकीशी जायच्या. एक डोळा मिटून, बाटली उजेडात धरून, बांगड्यांचा रंग पारखावा तशा बघायच्या. मग विचारायच्या, "आज कुठल्या हाटेलातला चहा आणलाय, पावणं?"

पावणं म्हणजे मी. गडहिंग्लजजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या, मळीपासून गॅस करणाऱ्या प्लांटात लागलो. पुढं कायम झालो, तरी त्यांच्यासाठी पावणंच राहिलो.

अशा प्लांटवरून जाताना सडक्या अंड्यांचा वास तुम्हीही घेतला असेल. तो विषारी वायू गॅसमधून काढायला अमाईनचं द्रावण वापरतात. द्रावणानं वायू शोषायचा, तापवून तो सोडवायचा, आणि तेच द्रावण पुन्हा फिरवायचं. नवं असताना ते पाण्यासारखं असतं. ते चहासारखं झालं की आमचे कान टवकारायचे, कारण आत क्षार साठलेले असण्याची शक्यता असते. कितीही तापवलं तरी ते जात नाहीत आणि हळूहळू लोखंड खातात.

मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या, तिथल्या बायकांसारख्या 'आलो-गेलो' बोलणाऱ्या. त्यांनी दारातून "आलो" म्हटलं की पलीकडून बॉयलरवरचा माणूस "या" म्हणायचा, एवढा आवाज. माझा पहिला रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "लई भारी लिवलंय. पण शिफ्टवाल्याला कळणार हाय का? नळी त्याच्या डोस्क्यावर हाय, तुमच्या न्हाय." तेव्हापासून मी सोपं लिहायला शिकलो.

एका हंगामात पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडलं. प्लांट थांबू नये म्हणून द्रावणात विहिरीचं पाणी पडत राहिलं. बाटलीतला चहा कडक होत गेला. तापलेलं द्रावण जिथून वळतं, त्या नळीची जाडी मोजली, तर ती निम्मी उरली होती. मॅडमनी प्लांट बंद करा म्हणून सांगितलं. कुणी ऐकेना. शेवटी चेअरमनसाहेब स्वतः आले.

"बाई, हंगाम तेवढा संपू दे की."

"हंगाम संपंल, साहेब. पण नळीला भोक पडलं तर खाली हुबारलेला माणूसबी संपंल."

मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पाणी वाफ होऊन जातं, त्यातलं मीठ आतच राहतं, वर आपण रोज नवं खारं पाणी ओततो. साहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांची निम्मी जमीन क्षारपड झालेली.

"म्हंजे माझ्या मळ्यागतच की. पाणी पाजत ऱ्हायलो आणि मीठ वर आलं."

"व्हय."

"मग निचरा काढाय पायजे."

"तेवढंच सांगायलोय की सकाळपासनं," मॅडम म्हणाल्या. खोलीभर हशा पिकला. साहेबही हसले आणि प्लांट बंद झाला.

बरंचसं द्रावण काढून नवं भरलं, पाण्याचं यंत्र दुरुस्त केलं, नळी बदलली. कापलेल्या जुन्या नळीच्या आतल्या एका खड्ड्यावर फिटरनं नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. त्यानं तो तसाच धरून ठेवला.

प्लांट पुन्हा सुरू झाला त्या दिवशी वायूचा अलार्म छातीला अडकवून मॅडम नळीच्या त्या वळणाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुम्ही जावा, आम्ही बघतो," शिफ्टवाले म्हणाले.

"बघा की, लांबनं."

अलार्म वाजला नाही. मग त्यांनी एकेकाला नावानं हाक मारून जवळ बोलावलं आणि कँटीनमधून सगळ्यांना भजी मागवली.

आता त्या निवृत्त झाल्यात. परवा तपासणीसाठी द्रावण तापवायचं भांडं उघडलं. आतून गुळगुळीत, कुठं खड्डा नाही. मी लगेच फोन लावला. वाटलं, खूश होऊन ओरडतील.

"आत कोण उतरलंतं?" त्यांनी आधी विचारलं.

मी नावं सांगितली.

"भाईर आली न्हवं सगळी?"

"आली, मॅडम. जेवायला बसलीत."

"मग ठेवा फोन. मी पव्हायला शिकायलोय. पाण्यातनं पोरं बोलवायल्यात."

फोन बंद करायचं त्या विसरल्या. पलीकडं पोरांचा कालवा चालला होता. मग मोठ्ठा धपकन आवाज झाला, आणि त्याहून मोठं त्यांचं हसणं.