मामांची काळी पूड

प्रयोगशाळेत लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत. पण खरे मामा ते एकाच मुलीचे होते. धाकटी बहीण आणि मेहुणा ऐन थंडीत दारेखिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजले, ते सकाळी उठलेच नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. भाची त्या रात्री मामांकडे होती म्हणून वाचली. तेव्हापासून कितीही गारठा पडो, खिडकी सताड उघडी टाकल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. यंदा मात्र तिला दम्याने गाठले होते, आणि डॉक्टरांनी गार वारा वर्ज्य केला होता.

मामा कोळशाच्या बारीक पुडीवर प्लॅटिनमचे कण बसवत. विषारी वायूचा साधा कार्बन डायऑक्साइड करणारी ही पूड डबीत भरायची आणि घरातल्या गॅसच्या हीटरपाशी टांगायची, असा त्यांचा मनसुबा. ज्या कोळशाने घात केला, त्यालाच राखणीला बसवायचे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

"मामा, तुमची डबी येईपर्यंत मी म्हातारी होईन," भाची खोकत म्हणे.

"मग दोघं जोडीनं खोकू."

पण पूड भट्टीतल्या नळीत भरून तिच्यातून विषारी वायू आणि हवा सोडली, तरी ती ढिम्म काम करीना. शेवटी उतावीळपणे मामांनी भट्टी ठरल्यापेक्षा बरीच जास्त तापवली. नळीच्या दुसऱ्या टोकाला कार्बन डायऑक्साइड भरभरून येऊ लागला. त्या संध्याकाळी त्यांनी घरी सांगून टाकले, "आता खिडकी लावायची सवय कर." निजताना भाचीने खिडकीचे एक दार आपणहून लोटून घेतले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी वायूच्या मोजणीचा आलेख बराच वेळ न्याहाळला. "मामा, नळीतली पूड तोलून पाहिलीत?"

मामांनी नळी उपडी केली. चमचाभर घातलेली पूड चिमूटभर उरली होती. एवढ्या उष्णतेत प्लॅटिनमने आपल्या बुडाखालचा कोळसाच जाळला होता; मोजलेला वायू बहुतेक त्याचाच.

"थोडा तरी आपल्या पुडीने बदललेला असेल," मॅडम हळूच म्हणाल्या.

"थोड्याच्या भरवशावर कोण निजेल, मॅडम?"

ते घरी आले, तेव्हा हीटर चालू होता आणि खिडकीची दोन्ही दारे लागलेली होती. भाचीचा खोकला कित्येक दिवसांनी थांबला होता. मामांनी जाऊन खिडकीची कडी काढली. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे एकवार पाहिले, आणि उशाशी ठेवलेला स्वेटर अंगात चढवला.