हिरव्या ब्लाऊजची बाही

माझ्या डोहाळजेवणाला बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या, आणि न बोलावता सरकारी दवाखान्यातली नर्सही आली. खांद्याला लसीची निळी पेटी. धनुर्वाताच्या दुसऱ्या सुईची माझी तारीख निपाणीच्या एका लग्नात जेवता जेवता निघून गेली होती, म्हणून ती बिचारी घर शोधत आली होती. दारातच कुणीतरी तिला हळदीकुंकू लावलं, हातात फुलं दिली आणि पाटावर बसवून पुढ्यात पुरणपोळी वाढली. ती कानडीत काहीतरी सांगत होती, पण पोळीवर तूप पडत असताना कोण ऐकतंय!

"सुई द्यायची हाय," शेवटी तिनं मराठीत सांगितलं. "पेटीतला बर्फ वितळायलाय. अजून दोन गल्ल्या ऱ्हायल्यात."

अडचण बाहीची होती. माझी हिरवी साडी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, स्वतः हातमागावर विणली होती. ब्लाऊजही त्याच साडीचा, बाहीला लाल काठ. माप मात्र माझ्या लग्नातलं आणि दंड सातव्या महिन्यातला. सकाळी दोघींनी मिळून मला त्यात कोंबलं होतं. आता बाही ना वर सरके, ना खाली. मी सुईला पहिल्यापासून घाबरते. मनातल्या मनात मी त्या बाहीला हात जोडले.

"ब्लाऊज बदल की गं," एक शेजारीण म्हणाली.

"ओटी भरल्याबिगर अंगावरचं हिरवं काढायचं न्हाय," आत्तींनी बजावलं.

"मग बाही कापा."

"आज कात्री? मागावरनं साडी उतरताना सुदीक मी नारळ फोडल्याबिगर कात्री लावत न्हाय. आणि आज पोटुशीच्या अंगावर लावू व्हय?"

मग गल्लीनं डोकं चालवलं. एकीनं खोबरेल सुचवलं आणि ते बाहीत ओतलंसुद्धा. दोघी वरून ओढायला, एक खालून ढकलायला, मधे मी, तोंडात अर्धी पोळी. बाही जागची हलली नाही, माझा दंड तेवढा तळणीत सोडायला तयार झाला. एका म्हाताऱ्या बाईंनी तोडगा काढला, सुई नर्सनं स्वतःलाच टोचून घ्यावी आणि मोकळं व्हावं. हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. नर्सही हसली, पण घड्याळाकडे बघत "लगू लगू माडरी", लवकर करा, म्हणत राहिली.

"ऱ्हाऊ दे तिकडं," आत्ती म्हणाल्या. "एक सुई न्हाय घेतली म्हणून काय हुतंय?"

नर्सनं ताट बाजूला सारलं. "ही बाळासाठी असती, आक्का. आईनं घेतली की बाळाला धनुर्वातापासनं राखती. न्हायतर जन्मल्यावर दोन-चार दिवस बाळ चांगलं पितंय, मग जबडा आवळतोय, दूध ओढंना हुतंय, अंग ताठ हुतंय..."

"कमानीगत," आत्ती म्हणाल्या.

आत्ती उठल्या, मागाजवळची कात्री आणली, कपाळाला लावली आणि माझी बाही काठासकट खांद्यापर्यंत कापली. "माझं पयलं आठव्या दिशी गेलं," त्या म्हणाल्या. "बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत बसलो सगळी." सुई कधी टोचली तेही मला कळलं नाही. मग आत्ती एकदम नर्सवरच खेकसल्या, "आता पोळी संपवून जा. ताटात टाकायचं न्हाय!"

दवाखान्यात मला मुलगी झाली आणि रीतीप्रमाणे मी बेळगुंदीला माहेरी गेले. जन्मापासून सातव्या दिवशी दुपारी आत्ती बसमधून उतरल्या, हातात रिकामी पिशवी. "रताळी न्ह्यायला आलते," त्या माझ्या आईला म्हणाल्या. बेळगावच्या बाजारात तेव्हा रताळ्यांचे ढीग लागले होते. तरी आईनं पिशवी भरून दिली.

पिशवी भरली तरी आत्ती हलेनात. पाळण्याशी बसून बाळाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पोरगी प्यायला लागली की विचारायच्या, "वढतीया न्हवं?" ती झोपली की हनुवटीला बोट लावून तिला उठवायच्या. मी चिडले की म्हणायच्या, "हितली रताळी लई ग्वाड गं." आठवा दिवस आम्ही तिघींनी रताळ्यांवर गप्पा मारून काढला. कशाबद्दल बोलत नाही आहोत, ते तिघींनाही ठाऊक होतं.

नवव्या दिवशी सकाळी पोरीनं असा टाहो फोडला की गोठ्यातली म्हैस बिथरली. पदराखाली घेतल्याबरोबर ती चटाचटा प्यायला लागली. आत्ती बघत राहिल्या. मग त्यांनी कमरेची चंची सोडली आणि आतून एक इवलंसं टोपडं काढून तिच्या डोक्यावर चढवलं. हिरवं, लाल काठाचं, माझ्या कापलेल्या बाहीचं. दोन दिवस ते कमरेलाच होतं, पण आठवा दिवस सरेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढलं नव्हतं.

"वरड, वरड," त्या तिला म्हणाल्या. "शहापुरापतूर ऐकू जाऊ दे."

मग त्यांनी चप्पल घातली आणि बस गाठायला निघाल्या. रताळी पाळण्याखालीच राहिली.