कोर्टाची गाडी

राहात्याचे पेरू घेऊन एक बाई रोज आमच्या छोट्या स्टेशनावर बसायची. मी तिथं तिकीटबाबू होतो. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, पण गाड्यांची बारशी मात्र तीच करायची. सकाळी नगरला जाणारी ती कोर्टाची गाडी, कारण तारीख असलेली माणसं तिनंच जात. दुपारची ती भाकरीची. सारा गाव याच नावांनी तिकिटं मागायचा.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास एक नवी गाडी सुरू झाली. डब्यांवर झोकदार संस्कृत नाव, पण आमच्याकडे थांबा नाही. सगळे बघायला धावले. ही पाठ फिरवून, पेरूंवर पदर धरून बसली.

मी म्हटलं, "मावशी, हिचं तरी खरं नाव शिका."

मान न वळवता ती म्हणाली, "जी दारात थांबत न्हाई, तिचं नाव मी कशापाई घिऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी उशिरा होती. फळ्यावर मी गाडीचा नंबर लिहिला, तरी जो तो खिडकीशी येऊन विचारी, "बाबू, कोर्टाची कवा येनार?" शेवटी नंबर पुसून मी लिहिलं, 'कोर्टाची गाडी चाळीस मिनिटं उशिरा.'

स्टेशनमास्तर ओरडले, "पुसा ते आधी!"

मी म्हटलं, "गाडी आली की पुसतो."