सेठच्या गच्चीवरचं सिलोन

दुबईत तेव्हा आम्हा रत्नागिरीकरांना संगीतातलं काही कळत होतं असं आज कोणी सांगत असेल, तर ती शुद्ध थाप आहे. साठच्या दशकात आमचं संगीत म्हणजे ट्रान्झिस्टर, आणि ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ सिलोन. काटा तिथे लावायचा, खरखर सोसायची आणि हिंदी सिनेमाची गाणी ऐकायची.

मी ज्यांच्याकडे कारकून होतो ते सेठ ट्रान्झिस्टरच विकायचे. खाडीकाठी दुसरं दुकान उघडलं तेव्हा त्यांनी ठरवलं, उद्घाटनाला नुसतं जेवण नको, सिलोनचे गाणारे बोलवायचे. ते गावात होतेच. नव्या हॉटेलात साहेबलोकांपुढे पाच सिंहली पोरं गिटार आणि बोंगो वाजवायची. कोलंबोत म्हणे त्यांच्यासाठी लोक लग्नाची तारीख पुढे ढकलत. एकसारखे फुलाफुलांचे शर्ट, विजारी इतक्या तंग की बसायची पंचाईत. मला ते ध्यान मुळीच आवडलं नव्हतं.

त्यांचा करार संपत आला होता. हिंदुस्तानी व्यापारी ऐकायला यायला लागले तर ठेवतो, नाहीतर पुढच्या बोटीने घरी जा, असं हॉटेलवाल्याने बजावलं होतं. सेठचा शब्द तिथे चालायचा. इंग्रजी बोलायला सेठना मी लागायचो, आमच्या घरातला पहिला बी.ए. पोरांच्या म्होरक्याने आपली अडचण मला सांगितली, मी सेठना. इन्शाल्ला, गाणी पसंत पडली तर सांगून बघू, असं सेठ म्हणाले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपून मंडळी दुकानाच्या गच्चीवर जमली. पोरांनी आपल्या भाषेतली गाणी सुरू केली. पोर्तुगीज त्यांच्या किनाऱ्यावर सोडून गेले तो नाचरा ठेका. खाली धक्क्यावरचे खलाशी पाय आपटायला लागले. गच्चीवर मात्र एकजात सगळे बिर्याणीत बघत बसलेले.

दुसऱ्या गाण्यानंतर सेठनी मला बोलावलं. "बीए, ह्यांना सांग, हे गावचं पुरे. रेडिओवर म्हणतात ते म्हणा."

एका पाहुण्याने भर घातली की रेडिओवाल्यासारखं मधे मधे बोलूनही दाखवा. दुबई गाजवायला निघालेली ही माणसं. रोज सिलोन विकायची, आणि तिथल्या लोकांना स्वतःची भाषा असेल अशी शंकाही त्यांना कधी आली नव्हती.

मी निरोप दिला. म्होरक्या आधी हसला. मग त्याने सेठचा चेहरा पाहिला. आपण इथे राहणार की जाणार ते आता ठरतंय, हे त्याला कळलं होतं. त्याने शांतपणे उत्तर दिलं. मी ते जसंच्या तसं, गच्चीभर ऐकू जाईल असं सांगितलं.

"सेठ, तो म्हणतो, त्या रेडिओवर गाणारे तुमचे, बोलणारे तुमचे. आमचा तिथे फक्त एरियलचा खांब आहे."

"मग मी काय खांबाला जेवायला बोलावलं? यल्ला, खलास."

म्होरक्याने तरी आणखी एक गाणं शेवटपर्यंत म्हटलं, आपल्याच भाषेत. मग गिटारी पेटीत गेल्या.

नंतर सेठ मला म्हणाले, तू जरा गोड करून सांगायला हवं होतंस. मी म्हटलं, गोड करायला आचारी ठेवा.

पुढच्या बोटीने ती पोरं गेली. हॉटेलात मुंबईची एक पार्टी आली, सिनेमाची गाणी बेसूर म्हणणारी. आमचे व्यापारी सूट चढवून जायला लागले. सेठ पहिल्या रांगेत बसायचे आणि नको त्या जागी दाद द्यायचे.