गोगलगाईचा निवाडा

श्री. बिरू सोमा ठोंबरे, राहणार वालचंदनगरच्या अलीकडची वाडी, तालुका इंदापूर. वय पन्नासच्या आसपास, दाखला उपलब्ध नाही. मूळ धंदा मेंढपाळी, हल्लीचा ऊस. ग्रामदैवत बिरोबाच्या पालखीच्या पुढच्या दांड्याचे वंशपरंपरागत मानकरी. आहार मिश्र, गोमांस वर्ज्य. सन १९९६ च्या मार्च महिन्यात ठिबक सिंचन अभ्यास दौऱ्यानिमित्त स्पेन देशातील व्हॅलेन्सिया या समुद्रकाठच्या शहरी जाऊन तेथील शेती, आहार व संस्कृती यांचे समाधानकारक अवलोकन केलेले आहे.

हे वर्णन दौऱ्याच्या अहवालातलं. 'समाधानकारक' हा शब्द ऋषिराजचा. ऋषिराज कृषी पदवीधर, बारामती एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या विकायच्या नोकरीत, आणि दौऱ्यातल्या बागायतदारांचा दुभाषा. त्याला इंग्रजी येत होतं आणि व्हॅलेन्सियात ते फारसं कुणाला येत नव्हतं, एवढं सोडलं तर दुभाषा चोख होता.

बिरूला पहिल्या दिवसापासून धक्के बसत होते. रस्त्याकडेची झाडं संत्र्यांनी लगडलेली आणि येणारा-जाणारा हात लावत नव्हता. बिरूनं लावला. फळ कडू निघालं. चौकाचौकात घराएवढे रंगीत पुतळे उभे होते. वर्षभर खपून ते केले होते आणि आता तिथल्या वसंताच्या सणाच्या शेवटच्या दिवशी जाळणार होते. हे ऐकून बिरू एवढंच म्हणाला, की आपल्याकडं होळीला निदान गवऱ्या जाळतात.

गुरुवारी त्यांना मोठ्या चर्चच्या दारात नेलं. बारा वाजता काळे झगे घातलेले काही शेतकरी येऊन अर्धगोलात खुर्च्यांवर बसले. ते कालव्याच्या पाण्याचं न्यायालय होतं. एक जण उभा राहून एकेका कालव्याचं नाव पुकारायचा आणि तक्रार आहे का विचारायचा. कुणाचीच नव्हती. मंडळी उठली आणि घरी गेली.

बिरूची जमीन कालव्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला. तिथं पाणी ही ऐकीव गोष्ट असते.

"कागुद कुठाय?" त्यानं विचारलं.

"कागद नसतो, तात्या. सगळं तोंडी. आणि पुढं अपील नाही."

"मग वकील काय खात्यात?"

ऋषिराजनं घड्याळ पाहिलं. जेवायची वेळ झाली होती.

चौकातल्या खाणावळीत परातीएवढ्या पसरट कढईतला पिवळा भात आला. त्यात घेवडा होता आणि ससा होता. सशाचं बिरूला काही वाटलं नाही. मेंढरांमागं हिंडताना त्यानं ससे खाल्ले होते. पण भातात काळसर, चिवट असे छोटे तुकडेही होते आणि ते त्याला फार आवडले. त्यानं पुन्हा भात मागून घेतला आणि खाता खाता ऋषिराजला विचारलं, हे काय असतं.

ऋषिराज वाढप्याला विचारून आला. त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि चौकात फटाक्यांची माळ सुरू झाली. सणात ती रोज दुपारी लावतात आणि माणसं ती पाहायला नव्हे, ऐकायला येतात. ऋषिराज ओरडून बोलला. शब्दाचा पहिला भाग धुरात गेला. बिरूच्या कानापर्यंत शेवटचाच पोचला. "...गाय."

बिरूनं चमचा खाली ठेवला. परत येईपर्यंत तो केळी आणि चहावर होता. अहवालात 'प्रकृतीत किंचित बिघाड' अशी नोंद झाली.

वाडीत पोचल्यावर तो उंबऱ्याबाहेरच बसला आणि बायकोला, तानूबाईला, काय झालं ते सांगितलं. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. जत्रा तोंडावर आली होती. पुढचा दांडा बिरूच्या आज्यानं धरला होता, बापानं धरला होता. ती म्हणाली, "अवो, मग देवाला आता कोण उचलायचं?"

बिरू स्वतःच उठून सावळारामआबांकडं गेला. आबा बिरोबाचे पुजारी. दांडा दुसऱ्याला द्या, म्हणाला. आबांनी असलं परस्पर करायला नकार दिला आणि जाणती माणसं देवळाच्या दारात बसवली. बिरू पायरीखाली उभा राहिला. चर्चच्या दारातलं त्याला आठवत होतं, पण इथं तक्रारदारही तोच होता.

ऋषिराजला निरोप गेला होता. तो बारामतीहून मोटारसायकलवर आला आणि ऐकून आधी हसला. कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. मी गोगलगाय म्हणालो होतो, त्यानं सांगितलं. पाहुण्यांना त्रास नको म्हणून खाणावळवाल्यांनी शंख काढून टाकले होते.

गाईच्या बातमीनं वाडी हादरली होती. या बातमीनं दोघं-तिघं उठून कडेला थुंकून आले. तानूबाईनं तोंडाला पदर लावला.

"पर नावात गाय हायच की," एक जण म्हणाला.

ऋषिराज इमानी होता. त्यानं भर घातली, की तिकडं तिला 'वाकेता' म्हणतात आणि त्याचाही अर्थ छोटी गाय.

"म्हंजी तिकडंबी गाय आन हितंबी गाय."

"शिंगंबी हायत तिला," मागून कुणीतरी म्हणालं.

बिरूनं मान खाली घातली. आबांनी तंबाखूची गोळी गालात सरकवली.

"दूध देती का?"

"न्हाय," ऋषिराज म्हणाला. तोही आता तसंच बोलू लागला होता.

"मग गाय न्हाय. उठा."

कागद झाला नाही, अपीलही नव्हतं. जत्रेला बिरूनं पुढचा दांडा धरला आणि पालखी नीट गावाला फिरून आली. संध्याकाळी पंगत बसली, मटण वाढत वाढत त्याच्यापर्यंत आलं आणि त्यानं पानावर आडवा हात धरला. घरी तानूबाईनं विचारलं, की आबांनी सोडवलं, देवानं खांद्यावर घेऊ दिलं, आता काय राहिलं.

"नाव इचारल्याबिगर खायचं न्हाय," बिरू म्हणाला, "आन नाव इचारलं की खाववत न्हाय."

अहवालात त्याचा आहार मिश्र आहे. बिरू भाकरी आणि कांदा खातो.