रताळ्याचा सूर

आमच्या भाषाशास्त्र विभागात किस्से गोळा करावे लागत नाहीत. बेसिनमधल्या चहाच्या कपांसारखे ते आपोआप साचतात, आणि विसळायला कुणी जात नाही. त्यातले निम्मे नसीमच्या थिसिसचे.

नसीम सिल्लोडची. पीएचडीला विषय घेतला तोमाच्या भाषेचा. तोमा पापुआ न्यू गिनीचा, इथं फार्मसी शिकायला आलेला. त्याची भाषा त्याच्या डोंगरातली दोन-चार गावं बोलतात, आणि सगळा खेळ सुराचा. एकच शब्द चढवून म्हटला तर रताळं, उतरवून म्हटला तर सासरा.

आमचे गाइड सर म्हणाले, "मग जावई लोक गप्पच बसत असतील."

तोमा गंभीरपणे म्हणाला, "हो सर, बसतात."

*

तोमा नुसतं गुणगुणूनही अख्खं वाक्य सांगायचा. नसीम सुट्टीत घरी जाऊन तेच करत बसली. दाराआडून अम्मीनं ऐकलं, आणि परत येताना हिच्या पिशवीत जोशांद्याच्या पुड्या निघाल्या. घशासाठी!

*

त्या भाषेत नुसतं 'जातो' म्हणता येत नाही. वर जातो का खाली जातो, ते क्रियापदातच सांगावं लागतं. एकदा वेरूळला निघताना तोमानं विचारलं, "इथून वेरूळ वर का खाली?"

मी म्हणालो वर, सर म्हणाले खाली. वाद एवढा रंगला की एसटी चुकली.

दुसऱ्या गाडीनं गेलो. तिथं कैलास लेणं बघून तोमा अडकला. त्याच्या भाषेत बांधकाम खालून वरच जातं, आणि हे तर वरून खाली कोरलेलं. मग म्हणाला, "आम्ही रताळं असं काढतो."



*

मग खरी पंचाईत झाली. थिसिस महिन्याभरात द्यायचा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. आणि रेकॉर्डिंगमध्ये तोमाचा एकच शब्द सोमवारी चढलेला, गुरुवारी उतरलेला.

"सर, मेरेकू तो कुछ समझ नै रा," नसीम म्हणाली. "ह्याची भाषा हप्त्याला बदलती."

मी गंमत म्हणून रताळ्याचा शब्द मुद्दाम वाकडा म्हटला. तोमानं तसाच वाकडा म्हटला. नसीमनं सरळ म्हटला, त्यानं सरळ म्हटला.

"ह्यातलं बरोबर कुठलं?"

"दोन्ही," तो म्हणाला. "तुम्ही मोठे. मोठं माणूस म्हणेल तसंच मागून म्हणायचं. सुधारलं तर अपमान होतो."

 एवढी वर्षं नसीम तोमाची भाषा नाय, स्वतःचा सिल्लोडी हेल रेकॉर्ड करत होती. लई रडली बिचारी. मलाही फार वाईट वाटलं.

*

सरांनीच तोड काढली. तोमाची आजी गावात सगळ्यात म्हातारी. तिला कुणाची भीड? व्हिडिओ कॉल लावला. तोमानं तिला सांगितलं, ह्या माझ्या मोठ्या मॅडम, आपली भाषा शिकतात. शब्द कसा म्हणायचा ते तू सांग.

नसीमनं एकदाच म्हटलं, "रताळं." अर्थात त्यांच्या भाषेत, पण हेल सिल्लोडचा.

आजीनं तिच्याकडं निरखून बघितलं. मग मागं वळून हाक मारली. बाया आल्या, म्हातारे आले, सगळे स्क्रीनसमोर दाटीनं बसले. आजीनं हात वर केला, आणि अख्ख्या गावानं एका सुरात सिल्लोडचा हेल काढला.

 सर हळूच म्हणाले, "नसीम, आता ह्यांचं चुकलं असं कसं लिहायचं?"