एकटीने खायचा लाडू

आमच्या घरात सुनेने एकटीने काही खायचं नाही. खाऊ आला की आधी देवापुढे, मग पुरुषांना, मग पोरांना. उरलं तर आपल्याला. मी या घरात आले तेव्हापासून हेच.

नातसुनेचं पहिलं मूल पोटातच गेलं. तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा पुण्याच्या संशोधनवाल्या पोरी जीप घेऊन आमच्या कोळवण गावात आल्या. बाईच्या अंगात जीवनसत्त्वं कमी असली तर पोटातल्या मुलाचं काय होतं, ते त्यांना शोधायचं होतं. गरोदर बायांचं रक्त तपासायचं आणि रोज खायला पाकिटातला एक लाडू द्यायचा. काही लाडवांत जीवनसत्त्वं, काहींत नुसतं पीठ-गूळ. कुठल्यात काय, ते त्या पोरींनाही ठाऊक नसायचं. त्याशिवाय खरं कळत नाही, म्हणाल्या. मला पटलं. भाताचं नवं बी आम्हीसुद्धा आधी एकाच वाफ्यात टाकतो आणि शेजारच्या वाफ्याशी ताडून बघतो.

नातसून रिकामी पाकिटं त्या पोरींना परत द्यायची. "खाल्लास ना ग?" त्यांनी विचारलं की मान हलवायची. पहिल्या तपासणीत तिचं रक्त कमी निघालं होतं; पुन्हा तपासलं, तर होतं तिथंच. तपासणारी पोर मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, हिला जपा. मागच्यासारखं नको व्हायला."

दुसऱ्या दिवशी मी नुसती बघत बसले. पाकीट फुटलं, लाडू देव्हाऱ्यात गेला. तिथून अर्धा माझ्या धाकट्या दिराच्या ताटात. उरलेला पोरांनी पळवला. नातसुनेने चिमूटभर तोंडात टाकला आणि पाकिटाची घडी घालून ठेवली. तिच्या मते तिने खाल्ला होता.

त्यानंतरच्या दुपारी पुरुष ओसरीत जेवायला बसले, तेव्हा मी तिला हाताला धरून मधोमध बसवलं.

"फोड पाकीट. खा."

"वैनी, देवाला दावलं न्हाई," दीर म्हणाले.

"देवाचं रक्त कमी न्हाई, भावजी."

"आन् सून बापय मानसांम्होरं खाती व्हय? गाव तोंडात शेण घालंल."

"गावाला म्हनावं, शेण बी आदी देवाला दाव."

पोरं खिदळली. दीर लालबुंद झाले. "त्यात नुसतं पीठ आसलं तर? त्या पोरीच सांगत्यात."

"मंग पीठ जाऊ द्या तिच्या पोटात. तुमच्या पोटात जागा लई हाय, पन तितं मूल न्हाई."

ते ताट सरकवून उठले. मी थांबवलं नाही.

नातसुनेने लाडू फोडला आणि सवयीने अर्धा माझ्यापुढे धरला. "आजी, घ्या की वाईच."

"गीळ मुकाट्यानं."

तिने सगळा खाल्ला. पहिले दोन घास मान खाली घालून, मग नीट चावून.

आता रोज दुपारी तिला तिथंच बसवते. सगळ्यांसमोर. जीप येईल, पुन्हा रक्त काढतील. वाढलं तर बरं. नाही वाढलं तर पोरी दुसरं औषध देतील. पण लाडू खाल्ला का विचारल्यावर तिला नुसती मान हलवावी लागणार नाही.

दीर मागच्या पडवीत जेवतात. जेवोत.